चार कोटी अंक आणि देवळालीचा प्रश्न

पंचवटीत सीता गुंफेजवळ पाच वड आहेत आणि त्या पाचांवरूनच या भागाला नाव पडले. पाच ही मूळ संख्या. १ आणि ५ सोडून कशानेही तिला निःशेष भाग जात नाही, हे शाळकरी मूलही सांगते. आता २ पाच वेळा मांडून गुणा आणि आलेल्या ३२ मधून १ काढा. ३१ उरतात आणि तीही मूळच. याच साच्यातली, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणारी, एक संख्या १२ ऑक्टोबर २०२४ रोजी मूळ ठरली. तिचा घातांक आहे १३,६२,७९,८४१. दशमान पद्धतीने लिहिली तर तिला ४,१०,२४,३२० अंक लागतात. रामकुंडावर बसून कोणी सेकंदाला एक अंक या गतीने ती वाचू लागला, तर झोपेशिवाय आणि जेवणाशिवाय ४७५ दिवस लागतील.

अशा संख्येविषयी, ती मूळ आहे यापलीकडे, आपल्याला नेमके काय ठाऊक आहे? आणि जे ठाऊक आहे, त्यातले गणित कोणते आणि गंमत कोणती? या लेखात त्या चर्चेचा आढावा घ्यायचा आहे. नाशिककरांना हा प्रश्न परका नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी संख्यांच्या अंकांना जे प्रश्न विचारले, त्यातला एक आज लाखो अंकांच्या मूळ संख्यांना विचारला जातो आणि जगभर तो देवळालीच्या नावानेही ओळखला जातो.

पार्श्वभूमी: मोठी म्हणजे किती मोठी?

मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे युक्लिडने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी सिद्ध केले. त्यामुळे ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ असे काही नसतेच. असते ती ‘आजवर हाती लागलेली सर्वांत मोठी’. तिचा इतिहास म्हणजे मोजण्याच्या साधनांचा इतिहास.

फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन याने १६४४ मध्ये २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या मूळ संख्यांची यादी दिली. यादीत चुका होत्या, पण नाव त्याचेच राहिले. ऑयलरने १७७२ मध्ये घातांक ३१ ची मर्सेन संख्या मूळ असल्याचे दाखवले. एदुआर ल्युकाने १८७६ मध्ये घातांक १२७ ची ३९ अंकी संख्या मूळ ठरवली. हातांनी केलेल्या गणिताने सापडलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या. त्याच वर्षी त्याने घातांक ६७ ची संख्या मूळ नाही हेही दाखवले, पण तिचे अवयव त्याला सांगता आले नाहीत. ते अवयव फ्रँक कोल याने १९०३ मध्ये काढले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

मधली ही सत्तावीस वर्षे पुढच्या चर्चेसाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. एखादी संख्या फुटते हे कळणे एक आणि ती कशी फुटते हे कळणे दुसरे. पहिले स्वस्त, दुसरे महाग.

संगणक आल्यावर गती बदलली. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ हा उपक्रम सुरू केला. जगभरच्या हौशी लोकांचे मोकळे संगणक त्यात राबतात. आज माहीत असलेल्या ५२ मर्सेन मूळ संख्यांपैकी अलीकडच्या बहुतेक याच उपक्रमातल्या. २०१८ मध्ये २,४८,६२,०४८ अंकांची संख्या सापडली आणि मग सहा वर्षे सारे शांत होते. २०२४ मधली संख्या अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरांट याने शोधली. आधीचे शोध घरगुती संगणकांच्या मुख्य प्रोसेसरवर लागले होते. त्याने मात्र अनेक देशांतल्या क्लाउड केंद्रांवरची ग्राफिक्स कार्डे भाड्याने घेऊन कामाला लावली. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका यंत्राने पहिला इशारा दिला आणि टेक्सासमधल्या दुसऱ्या यंत्राने तो पक्का केला.

एक बारकावा राहतो. ही सापडलेली ५२ वी आहे, पण लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले तर ५२ वीच आहे का, हे ठरलेले नाही. मधल्या सगळ्याच घातांकांची दुहेरी तपासणी झालेली नसल्याने क्रमांक तात्पुरता आहे.

शोधाची रीत: पाच पायऱ्यांत १२७

चार कोटी अंकांच्या संख्येला एकेका संख्येने भागून पाहणे कोणत्याही यंत्राला जमणार नाही. मग ती मूळ आहे हे कळते कसे? ल्युकाने सुचवलेली आणि डेरिक लेहमरने १९३० च्या सुमारास नेटकी केलेली चाचणी इतकी सोपी आहे, की लहान उदाहरण पेन्सिलीने करता येते.

१२७ घ्या. ती २ च्या सातव्या घातातून १ वजा करून येते. सुरुवात ४ पासून. वर्ग करायचा, २ वजा करायचे, १२७ ने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच वेळा हे करायचे. ४ चा वर्ग १६, वजा २, राहिले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, राहिले १९४, बाकी ६७. ६७ चा वर्ग ४,४८९, वजा २, बाकी ४२. ४२ चा वर्ग १,७६४, वजा २, बाकी १११. १११ चा वर्ग १२,३२१, वजा २, राहिले १२,३१९ आणि हे बरोबर १२७ गुणिले ९७. बाकी शून्य. शेवटी शून्य आले म्हणजे संख्या मूळ, दुसरे काहीही आले म्हणजे संयुक्त. एकाही अवयवाचा शोध न घेता निकाल लागला.

२०२४ च्या संख्येसाठी हीच कृती १३,६२,७९,८३९ वेळा करावी लागते आणि प्रत्येक वेळी वर्ग करायची संख्या चार कोटी अंकांची असते. एका ठिकाणी एक अंक चुकला तरी सारे वाया. म्हणून आता आधी चुका पकडणारी संभाव्यतेची चाचणी लावतात आणि ती पार झाली तरच ल्युका–लेहमरची. यंत्राचा ठोकळेबाजपणा आणि चाचणीचा साधेपणा यांची गाठ पडल्यामुळेच विक्रमाच्या यादीत मर्सेन संख्या वरचढ आहेत. तेवढ्याच आकाराची, पण असा साचा नसलेली संख्या कोणी समोर ठेवली, तर आजचे गणित हात टेकते.

सिद्ध आणि ‘बहुधा’

साचा नसलेल्या संख्येचे काय, या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत तीन भूमिका पुढे आल्या.

पहिली व्यवहाराची. मिलर–रेबिनसारख्या चाचण्या यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांवर संख्या पारखतात. संयुक्त संख्या एखाद्या फेरीतून निसटण्याची शक्यता एक चतुर्थांशाहून जास्त नसते. तीस-चाळीस फेऱ्या झाल्या की शंकेला व्यवहारात जागा उरत नाही. पण ही सिद्धता नव्हे, म्हणून अशा संख्येला ‘बहुधा मूळ’ म्हणतात.

दुसरी तत्त्वाची. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे शक्यतेचा आधार न घेता, कोणतेही अप्रमाणित गृहीतक न धरता आणि वाजवी वेळात ठरवता येते का? ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ‘येते’ असे उत्तर दिले. वाजवी म्हणजे अंकांच्या संख्येच्या एखाद्या ठरावीक घाताइतक्या पायऱ्यांत. कयाल आणि सक्सेना यांनी नुकतीच पदवी घेतली होती. पुढे या कामाला २००६ मध्ये गोडेल पुरस्कार मिळाला. प्रश्न तत्त्वतः सुटला.

तिसरी या दोन्हींच्या मधली. कानपूरची रीत प्रत्यक्षात फार हळू चालते. म्हणून सिद्धता हवी असणारे आजही लंबवर्तुळाकार वक्रांवर आधारलेली जुनी रीत वापरतात. ती प्रत्येक निकालासोबत दुसऱ्याला झटपट तपासता येईल असे प्रमाणपत्र देते.

या तिन्ही भूमिका कुठवर आल्या आहेत हे पाहायला सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे नुसत्या एककांच्या संख्या: ११, १११, ११११... कापरेकरांना या संख्यांचे वेड होते. त्यांचे वर्ग १२१, १२३२१, १२३४३२१ असे चढत-उतरत जातात. त्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. जी.आय.पी. रेल्वेवरच्या ज्या स्टेशनात ही कल्पना सुचली त्याचे त्या काळचे नाव डेम्लो, आजचे डोंबिवली. एककांची ओळ कधी मूळ असते? लांबी संयुक्त असेल तर कधीच नाही: ११११११ हे ११ चे तीन गट किंवा १११ चे दोन गट म्हणून सरळ फुटते. लांबी मूळ असली तरी खात्री नाही: १११ म्हणजे ३ गुणिले ३७. कापरेकर तरुण असताना लांबी २, १९ आणि २३ एवढ्याच मूळ ओळी ठाऊक होत्या. लांबी ३१७ ची सिद्धता १९७० च्या दशकाच्या अखेरीस ह्यू विल्यम्स यांनी दिली. लांबी १,०३१ ची १९८६ मध्ये आली, कापरेकर गेले त्याच वर्षी. लांबी ४९,०८१ ची २०२२ मध्ये आणि ८६,४५३ ची २०२३ मध्ये सिद्ध झाली. २,७०,३४३ लांबीची ओळ मात्र ‘बहुधा’ गटात पडली, आणि २०२१ मध्ये सापडलेल्या ५७,९४,७७७ व ८१,७७,२०७ लांबीच्या ओळीही तिथेच.

साचा नसेल तर सिद्धतेची मजल लाखाच्या आसपास आणि साचा असेल तर चार कोटी. मोठी मूळ संख्या ‘किती मोठी’ याचे उत्तर तिच्या ठेवणीवर अवलंबून आहे.

अंकांचे गुण: स्वयंभू

आता देवळालीच्या प्रश्नाकडे. कापरेकरांनी १९४९ मध्ये संख्यांचा एक वर्ग सांगितला. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२२ मध्ये १ + २ + २ मिळवले की १२७ होतात. म्हणजे १२२ ही १२७ ची जनक. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू. त्र्यंबकेश्वर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मास्तरांना हा शब्द शोधायला लांब जावे लागले नसेल. गणिताच्या जगात या संख्यांना ‘सेल्फ नंबर’ आणि ‘देवळाली नंबर’ अशी दोन नावे पडली. १९७० च्या दशकात कोलंबियातूनही हाच प्रश्न स्वतंत्रपणे पुढे आला, म्हणून ‘कोलंबियन नंबर’ हे तिसरे.

३१ स्वयंभू आहे का? २४ पासून ३० येतात, २५ पासून ३२. बाकीच्याही करून पाहा, ३१ कोणापासूनच येत नाही. पंचवटीच्या पाचालाही जनक नाही. मर्सेनच्या यादीत ३, ७, ३१ या तिन्ही स्वयंभू आहेत. १२७ चा जनक वर आलाच. पुढची मर्सेन मूळ संख्या ८,१९१ हिचाही जनक सापडतो: ८,१६८ आणि तिची अंकबेरीज २३.

हा शाळेच्या फळ्यावरचा प्रश्न लाखो अंकांच्या संख्येला विचारता येईल का? ल्यूक पेबडी या गणितज्ञाने २००६ मध्ये तो विचारला आणि २ चा २,४०,३६,५८३ वा घात वजा १ ही ७२,३५,७३३ अंकांची मर्सेन मूळ संख्या स्वयंभू असल्याचे दाखवले. त्या वेळी ज्ञात असलेल्या स्वयंभू मूळ संख्यांत ती सर्वांत मोठी होती.

युक्ती समजायला अवघड नाही. इतक्या अंकांची बेरीज ७२,३५,७३३ गुणिले ९, म्हणजे ६,५१,२१,५९७ च्या वर जाऊच शकत नाही. त्यामुळे जनक असलाच तर तो संख्येच्या मागे साडेसहा कोटींच्या आतच असणार. साडेसहा कोटी ही आठ अंकी रक्कम. हातचा फार डावीकडे गेला नाही, तर जनकाचे शेवटचे आठ-नऊ अंक वेगळे असू शकतात, बाकी बहात्तर लाख अंक तेच. त्या तशाच राहणाऱ्या अंकांची बेरीज एकदा करून ठेवली की काम फक्त शेपटीचे उरते. प्रचंड संख्येचा प्रश्न तिच्या शेवटच्या काही अंकांवर येऊन थांबतो.

स्वयंभू संख्या किती असतात, यावरही काम झाले. उंबेर्तो झानिएर यांनी १९८२ मध्ये दाखवले, की त्यांचे प्रमाण ठरावीक आणि शून्याहून मोठे आहे. ते दर दहांमागे एकाहून जरासे कमीच भरते.

आक्षेप आणि त्याला मिळालेली उत्तरे

अशा गुणांवर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अंकांच्या उलटापालटीवरच्या काही नवलांचा उल्लेख करून, त्यात गणितज्ञाला रस वाटावा असे काही नाही असे मत दिले. कारण उघड आहे. दशमान पद्धत आपल्या दहा बोटांतून आली. आठ बोटे असती तर स्वयंभू संख्यांची यादी दुसरीच झाली असती. संख्या मूळ असणे हा तिचा स्वतःचा गुण, तिच्या अंकांची बेरीज हा तिच्या लिखाणाचा गुण. या भूमिकेतून पाहिले, तर पेबडीचा निकाल खरा असला तरी तो संख्येविषयी फारसे काही सांगत नाही.

दुसऱ्या बाजूला मार्टिन गार्डनर यांच्यासारखे लोक होते. त्यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या स्तंभात कापरेकरांच्या कामाची ओळख जगाला करून दिली. प्रश्न सोपा असणे हा दोष नाही, अवघड गणिताची वाट अनेकदा सोप्या प्रश्नातूनच जाते, असा या बाजूचा कल. दीर्घकाळ ही दोन्ही मते आपापल्या जागी राहिली. गेल्या काही वर्षांत तीन गोष्टींनी त्यांच्यातली रेघ थोडी पुसट केली.

पहिली, निकाल. सगळ्या मूळ संख्यांची अंकबेरीज घेतली, तर ती सम आणि विषम सारख्याच प्रमाणात येते का? गेल्फाँडने १९६८ मध्ये विचारलेल्या या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मोदुई आणि रिव्हा यांनी २०१० मध्ये सिद्ध केले. मग जेम्स मेनार्ड यांनी दाखवले, की ७ हा अंक एकदाही न येणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत. ७ च्या जागी कोणताही एक अंक घ्या. हा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये मेनार्ड यांना फील्ड्स पदक मिळाले. अंकांविषयीचे प्रश्न प्रतिष्ठित नियतकालिकांत पोहोचले, पण ते कठीण साधनांमुळे पोहोचले. त्यामुळे याने हार्डी चुकले असे ठरते, की प्रश्नाला नवे गांभीर्य आले एवढेच, यावर मत जुळत नाही.

दुसरी, खुद्द मर्सेन संख्या. ३१ ही संख्या द्विमान पद्धतीने लिहिली की १११११ होते, पाच एकक. १२७ म्हणजे सात एकक. २०२४ ची संख्या म्हणजे १३,६२,७९,८४१ एककांची अखंड ओळ. कापरेकरांच्या दशमान ओळींची ती द्विमान बहीण आहे. लांबी संयुक्त असली तर ओळ फुटते हा नियमही दोघींना सारखाच लागू.

तिसरी गोष्ट शेवटच्या अंकाची. २ चे घात २, ४, ८, ६ या चक्राने संपतात. १३,६२,७९,८४१ ला ४ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून घाताचा शेवटचा अंक २ आणि १ वजा केल्यावर संख्येचा शेवटचा अंक १. आता १ ला या संख्येने भागले तर आवर्ती दशांश मिळेल. त्याचे चक्र किती लांब? सर्वांत लांब असू शकते ते संख्येहून एकाने कमी: १/७ चे चक्र १४२८५७, सहा अंकांचे. कापरेकरांनी अशा चक्रांवर पुस्तिकाच काढली होती. आपल्या संख्येबाबत मात्र तिच्या शेवटच्या अंकावरूनच सांगता येते, की तिचे चक्र पूर्ण लांबीचे असूच शकत नाही, फार तर निम्मे असेल. ३ सोडून इतर मर्सेन मूळ संख्यांत २ हा नेहमी कोणत्या तरी वर्गाची बाकी असतो आणि शेवटचा अंक १ असला की ५ देखील. दोन्ही मिळून १० तशीच ठरते आणि चक्र निम्म्यात बसते. लहान उदाहरण ३१ चे: १/३१ चे चक्र ०३२२५८०६४५१६१२९, पंधरा अंकांचे, तिसाच्या निम्मे.

हार्डींचा पक्ष येथे म्हणेल, की काम ५ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीने केले, शेवटचा अंक हा तिचा फक्त मुखवटा. दुसरा पक्ष म्हणेल, की मुखवटा दिसला म्हणूनच आपण आत डोकावलो. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात.

वाटणी: कोसंबींचे गणित

एकेक संख्या सोडून मूळ संख्यांच्या गर्दीकडे पाहिले की दुसरी चर्चा सुरू होते: या संख्या पेरल्यासारख्या आहेत की उधळल्यासारख्या? १८९६ मध्ये सिद्ध झालेल्या प्रमेयानुसार संख्या मोठी होत जाते तशा मूळ संख्या विरळ होत जातात आणि किती विरळ, याचा हिशेब देता येतो. २०२४ च्या संख्येच्या परिसरात दोन लागोपाठच्या मूळ संख्यांमधले सरासरी अंतर सुमारे ९.४५ कोटी. हिच्या लगेच पुढची मूळ संख्या कोणती, हे कोणीही सांगू शकत नाही.

मराठी वाचक ज्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, ते दामोदर धर्मानंद कोसंबी या प्रश्नात पुरते गुंतले होते. १९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९५९ मध्ये त्यांनी कृषी सांख्यिकीच्या एका भारतीय नियतकालिकात शोधनिबंध छापला आणि शक्यताशास्त्राच्या आधारे, मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेले रीमानचे गृहीतक सिद्ध झाल्याचा दावा केला. गणितज्ञांनी तो स्वीकारला नाही. शक्यतेवरून निघालेला निष्कर्ष ‘बहुतेक वेळा’ इथवर येतो, रीमानला ‘नेहमी’ हवे असते, हा आक्षेपाचा गाभा. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी संबंध संपला. तरीही त्यांनी हा विषय सोडला नाही. ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावानेही त्यांनी त्यावर लिहिले.

या साऱ्यातून दाव्यापेक्षा वेगळी एक गोष्ट शिल्लक राहते. अंतराची लांबी योग्य प्रमाणात वाढवत नेली, तर त्यात पडणाऱ्या मूळ संख्या प्वासाँच्या नियमाने वागतात, म्हणजे पावसाच्या थेंबांसारख्या विखुरतात, अशी कोसंबींची धारणा होती. १९७६ मध्ये पॅट्रिक गॅलॅघर यांनी नेमके तसेच वर्तन सिद्ध केले, मात्र हार्डी–लिटलवूडचे एक अप्रमाणित अनुमान खरे मानून. उलट बाजूने हेल्मुट मायर यांनी १९८५ मध्ये दाखवले, की थोड्या मोठ्या अंतरांत साधा यदृच्छेचा नमुना मोडतो. आज सर्वमान्य म्हणावे असे एवढेच: मूळ संख्या उधळल्यासारख्या दिसतात, पण हा नमुना कुठवर खरा धरायचा याची सीमा अजून आखलेली नाही.

उपयोगाचा प्रश्न

मोबाइलवरून पैसे पाठवताना वाटेत होणाऱ्या सांकेतिक लेखनात मूळ संख्यांचा हात असतो, हे आता बहुतेकांना ऐकून माहीत आहे. आरएसए पद्धतीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर असतो आणि त्या दोन संख्या गुप्त. सर्रास वापरात असलेल्या २,०४८ बिटांच्या किल्लीत गुणाकार ६१७ अंकी असतो आणि त्यातली प्रत्येक मूळ संख्या तीनशे आठ-नऊ अंकी. म्हणजे चार कोटी अंकांच्या संख्येची येथे गरज नाही. शिवाय सगळ्या जगाला ठाऊक असलेली संख्या गुपित म्हणून निरुपयोगीच.

मग हा शोध कशासाठी? एक मत असे, की विक्रमाच्या मागे जाणारी वीज आणि यंत्रवेळ दुसरीकडे लागली असती तर बरे. दुसरे मत आडफायद्यांकडे बोट दाखवते. जुळ्या, म्हणजे दोनच्या अंतरावरच्या, मूळ संख्यांवरचे गणित करताना थॉमस नाइसली यांना १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातला दोष सापडला. मर्सेन शोधाच्या सॉफ्टवेअरने २०१६ मध्ये स्कायलेक प्रोसेसरमधली एक चूक उघड केली. प्रचंड गुणाकार झटपट करण्याच्या रीतीही याच खटपटीत घासूनपुसून निघाल्या.

कोल यांच्या सत्तावीस वर्षांतून दिसलेला फरक, म्हणजे फुटते हे कळणे स्वस्त आणि कशी फुटते हे कळणे महाग, यावरच आरएसए उभी आहे. १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली, २५० अंकी २०२० मध्ये. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेली रीत चालवणारा मोठा क्वांटम संगणक तयार झाला, तर हा भाव कोसळेल. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने मूळ अवयवांवर न विसंबणाऱ्या पद्धती जाहीर केल्या. तो संगणक कधी येईल, यावर जाणकारांत एकमत नाही.

अजून काय ठरायचे आहे

मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का, माहीत नाही. मूळ असलेल्या एककांच्या ओळी अनंत आहेत का, माहीत नाही. दोन्हीकडे ‘असाव्यात’ असे मानायला सबळ कारणे आहेत, सिद्धता नाही. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येसोबत एक सम परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःहून लहान विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या येते, जशी ३१ सोबत ४९६. पण विषम परिपूर्ण संख्या एक तरी आहे का, याचा निकाल नाही. दोनच्या अंतरावरच्या जुळ्या मूळ संख्या अनंत आहेत का? २०१३ मध्ये यितांग झांग यांनी ७ कोटींच्या आतले कोणते तरी अंतर अनंत वेळा येते हे सिद्ध केले. पुढे ते २४६ पर्यंत खाली आले आणि तिथे थांबले.

आवर्ती दशांशाचे पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का, हा कापरेकरांच्या वहीत शोभावा असा प्रश्न एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये व्यापक रूपात मांडला. ख्रिस्तोफर हूली यांनी १९६७ मध्ये रीमानचे व्यापक गृहीतक धरून तो सोडवला. गृहीतकाशिवाय हीथ-ब्राउन यांनी १९८६ मध्ये एवढेच मिळवले, की २, ३ आणि ५ या पायांपैकी किमान एकासाठी तरी उत्तर ‘होय’ आहे. कोणत्या, ते त्या सिद्धतेतून कळत नाही.

आणि संख्याशास्त्राची स्वतःची एक पंचवटी आहे. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाच फर्मा मूळ संख्या, म्हणजे घातांकही २ चा घात असेल अशा २ च्या घातात १ मिळवून येणाऱ्या. पुढच्या अठ्ठावीस फर्मा संख्या संयुक्त ठरल्या आहेत. सहावा वड कुठे आहे की नाहीच, हे कोणाला ठाऊक नाही.

या यादीतले बहुतेक प्रश्न नव्या कल्पनेची वाट पाहत आहेत आणि यंत्रवेळ वाढवून ते सुटणारे नाहीत. देवळालीचा प्रश्न त्यांत वेगळा. २०२४ च्या संख्येला तो विचारायचा तर हिशेब एवढाच: ४,१०,२४,३२० गुणिले ९, म्हणजे ३६,९२,१८,८८०. जनक असलाच तर तो मागच्या सदतीस कोटींत बसलेला असणार आणि शोधायचा तो शेवटच्या नऊ-दहा अंकांत. वरच्या चार कोटी अंकांची बेरीज एकदाच करायची आहे. साधा लॅपटॉप त्याला पुरतो आणि रीत कापरेकरांच्या वर्गातल्या मुलालाही समजली असती.